तुटलेल्या लोखंडाची जबानी

1842 सालच्या मे महिन्याच्या 8 तारखेस, रविवारी, फ्रान्सचा राजा लुई फिलिप याच्या उत्सवानिमित्त व्हर्सायच्या राजोद्यानातील शोभा पाहून सायंकाळी पॅरिसकडे परतणाऱ्या उतारूंनी खचाखच भरलेली आगगाडी म्यूदाँ गावाजवळ आली असता तिच्या पुढच्या इंजिनाचा आंस मोडला, ते इंजिन रुळांवरून घसरले, मागे जोडलेले दुसरे इंजिन त्यावर चढले, आणि दोहोंच्या भट्ट्यांतून सांडलेल्या निखाऱ्यांवर मागचे लाकडी डबे एकापाठोपाठ एक येऊन आदळले. चालत्या गाडीतून कोणी उतरू नये म्हणून डब्यांचे दरवाजे बाहेरून कुलूपबंद करण्याचा त्या काळी फ्रान्समध्ये शिरस्ता होता, त्यामुळे जे उतारू टकरीतून बचावले त्यांनाही आगीतून बाहेर पडण्यास वाट राहिली नाही, आणि पन्नासाहून अधिक माणसे जागच्या जागी जळून गेली. दक्षिण ध्रुवाकडील हिममय सागर धुंडाळून अवघ्या दोन वर्षांपूर्वी अंटार्क्टिक किनाऱ्यावर आपल्या देशाचे निशाण लावून सुखरूप परतलेला दर्यावर्दी ड्यूमाँ द्यूर्व्हिल, त्याची पत्नी व मुलगा या तिघांचाही अंत राजधानीच्या वेशीवर, एका सुट्टीच्या सहलीत, असा झाला.

दरवाजांचा प्रश्न सुटण्यासारखा होता व तो सुटलाही. कुलपे लावण्याची चाल पुढे बंद करण्यात आली. आंसाचा प्रश्न मात्र हुकमाने सुटणारा नव्हता. घडीव लोखंड म्हणजे त्या शतकातील सर्वांत इतबाराचा धातू. त्याची पट्टी थंड असताना वाकवली तर दुमडते, ओढली तर लांबते, आणि अखेर तुटते तेव्हाही आधी बारीक होऊन, तुटलेल्या तोंडाशी लांबच लांब तंतू मागे ठेवून, म्हणजे पुरेशी पूर्वसूचना देऊन तुटते. अशा लोखंडाचा जाडजूड आंस महिनोन्‌महिने निमूटपणे फिरल्यानंतर एके दिवशी क्षणार्धात दुभंगावा, आणि त्या भंगावर तंतूंचा मागमूसही नसून खडीसाखरेचा खडा फोडल्यावर दिसावेत तसे लखलखीत पैलू दिसावेत, हे पाहून तत्कालीन अभियंत्यांनी अनुमान बांधले ते असे की, रुळांच्या सांध्यांवर बसणारे असंख्य धक्के आणि यंत्राची अखंड थरथर यांच्या योगाने लोखंडाच्या अंतरंगाचाच कायापालट होतो. जे मुळात तंतुमय होते ते हळूहळू स्फटिकमय बनते, आणि स्फटिकमय बनले की ठिसूळ होते. हे अनुमान इतके सुलभ आणि डोळ्यांसमोरच्या पुराव्याशी इतके जुळणारे होते की त्याचे खंडन वारंवार होऊनही कारखान्यांच्या बोलीतून ते पिढ्यान्‌पिढ्या हलले नाही.

तुटलेले लोखंड खोटे बोलत नव्हते, परंतु त्याची जबानी उलटी वाचली जात होती. लोखंड धक्क्यांनी स्फटिकमय होत नाही. ते जन्मतःच स्फटिकमय असते. भट्टीतून बाहेर पडून द्रव धातू निवू लागला म्हणजे त्यात असंख्य ठिकाणी सूक्ष्म स्फटिक उद्भवतात, प्रत्येक आपापल्या दिशेने वाढत जातो, आणि शेजाऱ्याची हद्द लागली की थांबतो. असे हे एकमेकांना भिडलेले कण आणि त्यांच्यामधल्या सीमा मिळूनच धातूचा पिंड बनतो. आघात सोसण्याचे त्याचे सामर्थ्य या कणांच्या आकारमानावर फार मोठ्या अंशी अवलंबून असते. एवढी गोष्ट निर्विवादपणे, अंकांत मांडून, सिद्ध होण्यास त्या रविवारपासून एकशे अकरा वर्षे लागली. आणि त्या अवधीचा इतिहास मला कोणत्याही लढाईच्या इतिहासाइतकाच वाचनीय वाटत आला आहे, कारण त्यातील प्रत्येक पायरीखाली कोणाचे तरी प्राण गेलेले आहेत.

पहिला विरोध नोंदवला तो नुकतीच विशी ओलांडलेल्या एका स्कॉटिश तरुणाने. विल्यम रँकिन याचे नाव पुढे उष्णतेच्या शास्त्रात अजरामर झाले, परंतु 1843 साली लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्याने वाचलेला निबंध मोडक्या आंसांवरचा होता. आंस मोडतो तो बहुधा जेथे त्याची जाडी एकदम बदलते त्या काटकोनी खांद्यापाशी, तेथे एक बारीक चीर बाहेरून आत सरकत जाते, आणि शिल्लक राहिलेला गाभा भार पेलेनासा झाला म्हणजे अखेरचा तुकडा पडतो, असे त्याने प्रत्यक्ष मोडलेले आंस पाहून सांगितले, आणि तो खांदा गोलाईने उतरवावा अशी सूचना केली. ही सूचना आजही प्रत्येक यंत्रशाळेत पाळली जाते. तथापि स्फटिकवाद्यांचा पक्ष यामुळे नमला नाही. 1850 साली यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेत हाच वाद पुन्हा उभा राहिला, तेव्हा रॉबर्ट स्टीफन्सन, ज्याने तीनच वर्षांपूर्वी डी नदीवरचा आपला ओतीव लोखंडाचा पूल गाडीखाली कोसळल्याचे दुःख भोगले होते आणि म्हणून जो लोखंडाविषयी सैल बोलणारा राहिला नव्हता, त्याने सांगितले की तंतुमय व स्फटिकमय म्हणून दाखवलेले दोन्ही नमुने प्रबळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता त्यांत खराखुरा भेद आढळत नाही. त्याचे म्हणणे बरोबर होते; पण सूक्ष्मदर्शकाखाली धातू कसा ठेवावा हे अद्याप कोणासच ठाऊक नव्हते, आणि खडबडीत भंगाकडे नुसते भिंग रोखून जे दिसते ते फारसे काही नसते.

या वादाला खरे वळण दिले डेव्हिड कर्काल्डी याने. डंडी गावी जन्मलेला हा गृहस्थ ग्लासगोत रॉबर्ट नेपिअर यांच्या प्रख्यात कारखान्यात नकाशे काढण्याचे काम करी. बाष्पपात्रांसाठी व यंत्रांसाठी घडीव लोखंड घ्यावे की नवे पोलाद, याचा निर्णय करावा म्हणून 1858 पासून सुमारे तीन वर्षे त्याने शेकडो नमुने ओढून, तोडून, प्रत्येकाची लांबी व जाडी तुटण्यापूर्वी आणि तुटल्यानंतर मोजून, इतक्या चिकाटीने नोंदी केल्या की 1862 साली त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या तेव्हा त्यांतील कोष्टकांनीच त्याची कीर्ती केली. त्याच्या निष्कर्षांपैकी एक असा होता: एकच लोखंडी गज सावकाश ओढून तोडला तर भंग तंतुमय दिसतो, आणि तोच गज आकस्मिक आघाताने तोडला तर भंग स्फटिकमय दिसतो. गज तोच, भट्टी तीच, घडवणारे हातही तेच. बदलला तो केवळ तोडण्याचा वेग. गजाला खाच पाडून त्याचा आकार बदलला तरीही हाच फरक पडे. याचा अर्थ धक्क्याने लोखंडाची जात पालटत नाही, तर त्याच्या मोडण्याची रीत पालटते. पुढे कर्काल्डीने लंडनमध्ये सदर्क रस्त्यावर स्वतःची परीक्षणशाळा उभारली, तीत सुमारे 47 फूट लांबीचे आणि दहा लाख पौंडांचा ताण देऊ शकणारे यंत्र बसवले, आणि दारावर दगडात कोरून घेतले की येथे वस्तुस्थिती मिळेल, मते मिळणार नाहीत. ते यंत्र आणि ती इमारत आजही उभी आहे.

कर्काल्डीने मोडण्याची रीत दाखवली. पण आत काय आहे हे पाहण्याची रीत निघाली शेफील्डमध्ये, आणि तीही लोखंडाच्या धंद्याशी संबंध नसलेल्या एका सधन, एकांतप्रिय भूगर्भशास्त्रज्ञाच्या हातून. हेन्री क्लिफ्टन सॉर्बी याने दगडांचे प्रकाश पार जाईल इतके पातळ काप घासून ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याचा उपक्रम 1849 च्या सुमारास चालू केला होता. आकाशातून पडलेल्या उल्कांतील लोखंड पाहता पाहता त्याला शहराच्या भट्ट्यांतून निघणाऱ्या लोखंडाचीही जिज्ञासा वाटू लागली. धातूतून प्रकाश पार जात नाही, म्हणून तो वरून परावर्तित करून घ्यावयाचा, हे उघड होते. अवघड होते ते पृष्ठभाग तयार करणे. साधारण झिलई दिली तर घासण्याने वरच्या थरावर धातूचाच लेप पसरतो आणि खालचे सर्व झाकून जाते. सॉर्बीने कानसून सपाट केलेला तुकडा उत्तरोत्तर बारीक खरखरीच्या साधनांनी घासत नेला, अखेरीस लोखंडाच्या तांबड्या गंजाच्या मुलायम भुकटीने पाण्यात ओला ठेवून त्याला आरशासारखी नितळ झिलई आणली, आणि मग त्यावर अतिशय विरल नत्राम्ल क्षणभर फिरवले. आम्ल कणांच्या सीमा आधी खाते, कणांचे तळ त्यामागून. आणि जेथे काही क्षणांपूर्वी केवळ चकाकी होती तेथे बहुभुज शेतांचा एक संपूर्ण नकाशा उमटतो. 1863 साली त्याने हे पाहिले, 1864 साली बाथ येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्याची हकीकत सांगितली, आणि लोखंडाच्या धंद्यातील मंडळींनी तिकडे जवळजवळ वीस वर्षे ढुंकूनही पाहिले नाही. रेल्वेचा अपघात झाल्यावर मोडलेला रूळ काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, असे त्या दिवसांत सुचवले असते तर लोकांनी आपली रवानगी वेड्यांच्या इस्पितळात केली असती, असे पुढे वृद्धपणी त्यानेच म्हणून ठेवले आहे. 1887 साली त्याचा सविस्तर निबंध लोखंड व पोलाद संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला, आणि तेव्हापासून हे शास्त्र रीतसर सुरू झाले असे मानतात.

शेफील्डमध्ये ही उपेक्षा चालू असताना तिकडे रशियात, सेंट पीटर्सबर्गजवळच्या ओबुखोव्ह कारखान्यात, हाच प्रश्न तोफांच्या रूपाने दारात येऊन उभा होता. क्रिमियाच्या युद्धातील पराभवानंतर झारच्या सरकारने पोलादी तोफा परक्या मुलखातून विकत न आणता घरी ओतण्याचा संकल्प केला होता, आणि 1863 साली हा कारखाना त्याच कामासाठी निघाला. तोफ ही वस्तू अशी की तिच्यावर येणारा आघात इतर कोणत्याही यंत्रावर येत नाही: दारूचा बार उडताच निमिषाच्याही अंशात तिच्या तळाशी प्रचंड दाब उत्पन्न होतो, आणि गोळा तोंडातून निघून जाताच तो नाहीसा होतो. एकाच भट्टीच्या, एकाच रासायनिक घटनेच्या आणि एकाच हातोड्याखाली घडवलेल्या तोफांपैकी काही असंख्य बार निमूटपणे सोसत, तर काही पहिल्या थोड्या बारांतच फुटत, व चालवणारे गोलंदाज त्यांत गारद होत. दोष कोणाचा? कच्च्या मालाची तपासणी झाली, ओतकामाची झाली, निर्णय लागेना. घडाई जितकी दांडगी तितके पोलाद दाट व बळकट, असा त्या काळचा सार्वत्रिक समज होता, म्हणून मोठ्या तोफांवर हातोडाही मोठा चालवला जाई.

1866 साली त्या कारखान्यात दाखल झालेल्या द्मित्री चेर्नोव्ह याने फुटलेल्या तोफांचे तुकडे गोळा केले आणि पाहिले, तो जेथे तोफ फुटली होती तेथील पोलादाचा कण ठळक, भरड आणि डोळ्यांनी सहज ओळखता येण्याजोगा होता; टिकलेल्या तोफांचे पोलाद बारीक कणाचे होते. मग तो भट्टीपाशी जाऊन उभा राहिला. उष्णता मोजण्याचे यंत्र त्यावेळी उपलब्ध नव्हते. तापलेल्या पोलादाचा रंग हीच मोजपट्टी. तासन्‌तास त्या प्रखर गोळ्याकडे पाहून त्याने दोन अवस्था निश्चित केल्या. पहिली, गडद लाल रंगाची: तिच्या खाली पोलाद कितीही वेगाने पाण्यात बुडवले तरी ते कठीण होत नाही. दुसरी, त्याहून उजळ पण निस्तेज लाल: तिच्यापर्यंत पोलाद पोचले की त्याची जुनी कणरचना नाहीशी होते, आणि तेथून पुढे ते जितके अधिक तापवावे, जितका वेळ तसेच ठेवावे, तितके निवताना त्याचे कण मोठे होत जातात. म्हणून मोठी तोफ घडवताना जो जाड भाग शेवटी फार तप्त राहतो आणि सावकाश निवतो, नेमका तोच तळाचा भाग, ज्यावर बाराचा आघात बसावयाचा, सर्वांत भरड कणाचा होऊन बसतो. उपायही यातूनच निघाला: घडून झालेली तोफ पुन्हा त्या दुसऱ्या अवस्थेच्या किंचित वर तापवावयाची, म्हणजे जुने भरड कण मोडून नवे बारीक कण उद्भवतात, आणि लगेच निववावयाची, म्हणजे त्यांना वाढण्यास सवड मिळत नाही. 1868 च्या वसंतात रशियन तंत्रसंस्थेपुढे लाव्हरोव्ह व कालाकुत्स्की या दोघांच्या पोलादविषयक लेखांचे परीक्षण करण्याच्या निमित्ताने त्याने आपले संशोधन वाचले. पोलादाची रचना हातोड्याच्या हवाली नसून उष्णतेच्या हवाली आहे, हे सांगणारा तो पहिला पुरुष; आणि त्याने सांगितलेल्या दोन अवस्था खऱ्या आहेत याची अंकांनी रुजुवात पुढे जवळजवळ वीस वर्षांनी, ल शातेलिए याचा उष्णतामापक हाती आल्यावर, फ्रान्समध्ये ऑस्माँ याने केली. पश्चिम युरोपच्या ग्रंथांत चेर्नोव्हला ज्या मानाने स्थान मिळते ते मला नेहमीच अपुरे वाटले आहे. उपकरणावाचून, केवळ रंग पाहून, त्याने जे जाणले ते अचूक होते, आणि त्याने गोलंदाजांचे प्राण वाचवले.

आघाताच्या प्रसंगी पोलाद कसे वागेल याची प्रत्येक वेळी तोफ डागून परीक्षा करणे शक्य नव्हते. ती परीक्षा लहान तुकड्यावर व्हावी म्हणून अनेकांनी यत्न केले, त्यांपैकी माँल्यूसाँ येथील पोलादकारखान्याच्या प्रयोगशाळेचा प्रमुख जॉर्ज शार्पी याने 1901 साली मांडलेली पद्धत जगभर रूढ झाली. तिचा सरंजाम इतका साधा आहे की पाहणाऱ्यास विस्मय वाटावा. बोटाएवढ्या चौकोनी पोलादी तुकड्याच्या मध्यभागी एका बाजूस खाच पाडतात, तो दोन टेकूंच्या मध्ये ठेवतात, आणि ठराविक उंचीवरून सोडलेला एक जड लोलक खाचेच्या विरुद्ध बाजूवर आदळतो. तुकडा तोडून लोलक पलीकडे जितका कमी उंच चढेल, तितकी अधिक शक्ती तुकड्याने गिळली. हाच त्याच्या चिवटपणाचा आकडा. सावकाश ओढण्याच्या यंत्रावर तंतोतंत सारख्या ठरलेल्या दोन पोलादांपैकी या लोलकाखाली एक वाकून फाटते आणि दुसरे कट्‌कन मोडते, असे निदर्शनास येऊ लागले. आणि थंडी वाढत गेली की चांगले म्हणून गाजलेले पोलादही एका विशिष्ट मर्यादेखाली अकस्मात दुसऱ्या वर्गात जाऊन बसते, हेही ध्यानात आले.

वेगाचा हा प्रभाव कोठून येतो, याचा धागा केंब्रिजच्या बर्ट्रम हॉपकिन्सन याला 1905 साली सापडला. लोखंडी तारेवर त्याने क्षणिक ताण पाडले, तेव्हा सावकाश ओढताना जो ताण तारेला कायमचा लांबवतो त्याहून कितीतरी अधिक ताण, एक सहस्रांश सेकंदाच्या आसपास टिकणारा असला तर, ती तार विकार न पावता सोसते असे त्याला आढळले. म्हणजे धातूला सरकण्यासाठी, नमण्यासाठी, वेळ लागतो. आणि आघात तो वेळ देत नाही. धातूची कसोटी पाहणाऱ्या या थोर अभियंत्याचा 1918 साली विमान अपघातात अंत झाला. त्याच्या या निरीक्षणाचा दुसरा अर्धा भाग, की नमण्यास सवड न मिळालेला धातू मग काय करतो, तो दुसऱ्या महायुद्धाने दाखवून दिला.

जर्मन पाणबुड्यांनी बुडवलेल्या मालवाहू जहाजांची जागा भरून काढण्यासाठी अमेरिकेने 1941 पासून जी जहाजे बांधली त्यांचा वेग आजही अविश्वसनीय वाटतो. लिबर्टी या एकाच नमुन्याची 2,710 जहाजे तयार झाली. त्यांपैकी एक तर कॅलिफोर्नियातील रिचमंडच्या गोदीत, सांगाडा मांडल्यापासून पाण्यात उतरेपर्यंत, 4 दिवस 15 तासांत सिद्ध झाले. रिव्हेट ठोकण्याऐवजी पत्रे वेल्डिंगने सांधल्यामुळेच हे घडले. परंतु 1943 सालच्या जानेवारीच्या 16 तारखेस ऑरेगन राज्यात, पोर्टलंडच्या गोदीत, धक्क्याला बांधून ठेवलेले स्केनेक्टडी नावाचे नवे कोरे तेलवाहू जहाज, ज्याची समुद्रावरील चाचणी नुकतीच यथासांग पार पडली होती, रात्रीच्या वेळी, वारा नाही, लाट नाही, शत्रू तर मुळीच नाही, अशा स्थितीत प्रचंड आवाज करून मधोमध चिरले. डेक फाटला, दोन्ही बाजू फाटल्या, केवळ तळाचा पत्रा शाबूत राहिला, दोन टोके नदीच्या तळाला टेकली आणि मध्य पाण्याबाहेर उचलला गेला. नदीचे पाणी त्या रात्री सुमारे 4 अंश सेल्सियस होते आणि हवा शून्याखाली. चौकशीसाठी नेमलेल्या मंडळाने 1946 साली दिलेल्या अहवालात 4,694 वेल्डिंगच्या जहाजांचा हिशेब दिला आहे: त्यांपैकी 970 जहाजांना भेगा पडल्या, 24 जहाजांचा डेक आरपार तुटला, 8 जहाजे गमावली, आणि 26 माणसे प्राणास मुकली.

संशय प्रथम वेल्डिंगवर आला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. सांध्यांतील खोटी, झाकणांचे चौकोनी कोपरे यांपासूनच बहुतेक भेगा निघत. परंतु भेग निघणे निराळे आणि ती जहाज चिरून जाणे निराळे. या फरकावर बोट ठेवणाऱ्यांत केंब्रिजच्या अभियांत्रिकी विभागातील कॉन्स्टन्स टिपर या विदुषीचे नाव अग्रभागी येते. माहेरच्या एलॅम या नावाने त्यांनी 1920 नंतरच्या दशकात जेफ्री टेलर यांच्यासह धातूच्या एकेका सुट्या स्फटिकावर ताण देऊन त्यातील थर कोणत्या दिशेने घसरतात याचा मूलभूत अभ्यास केला होता. 1928 साली त्यांचा विवाह झाला तो हिंदुस्थानच्या भूस्तर खात्यात चाकरी केलेल्या जॉर्ज टिपर या भूगर्भशास्त्रज्ञाशी. ज्या स्त्रीने आयुष्याची उमेदीची वर्षे स्फटिक कसा नमतो हे पाहण्यात घालवली, तिच्यापुढे आता स्फटिक न नमता फुटतो कसा, हा प्रश्न आला. जहाजांच्या तुटलेल्या पत्र्यांतून नमुने कापून ते निरनिराळ्या शीतमानांत तोडून त्यांनी दाखवले की दोष मूलतः पोलादाचा आहे: जहाजाच्या पत्र्याचे हे पोलाद एका ठराविक शीतमानाखाली चिवटपणा टाकून ठिसूळ बनते, आणि उत्तर अटलांटिकचे हिवाळी पाणी त्या मर्यादेच्या पलीकडे असते. जुन्या रिव्हेटांच्या जहाजांतही हेच पोलाद होते. तेथे धावत सुटलेली भेग पत्र्याच्या कडेशी येऊन थांबे, वेल्डिंगने एकसंध केलेल्या जहाजात तिला थांबवणारी कड राहिली नव्हती. तिकडे अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेत तुटक्या जहाजांचे पत्रे शार्पीच्या लोलकाखाली तपासले गेले, आणि भेग जेथून निघाली ते पत्रे आघाताची शक्ती किती कमी गिळत होते हे उघडकीस आले; 15 फूट-पौंड हा आकडा तेव्हापासून जहाजबांधणीत उंबरठा म्हणून प्रसिद्ध पावला.

आता सर्व साक्षी जमल्या होत्या. निकाल द्यावयाचा राहिला होता. 1934 साली टेलर, ओरोवान व पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे सुचवले होते की स्फटिकाचा संपूर्ण थर एकदम घसरत नाही, तर त्यातील एक सूक्ष्म व्यंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जाते आणि त्याच्या मागोमाग थर पुढे जातो. पोलादावर ताण पडला की प्रत्येक कणात अशी व्यंगे एकामागून एक चालू लागतात व कणसीमेपाशी येऊन अडतात, कारण शेजारच्या कणातील थरांची दिशा निराळी असते. मागून येणाऱ्यांची दाटी जितकी मोठी तितका सीमेवरचा दाब मोठा. आणि कण जितका मोठा तितकी ती दाटी लांब. हा साठलेला दाब दोनपैकी एक गोष्ट करतो: शेजारच्या कणातील व्यंगांना चालते करून धातूला नमवतो, किंवा, नमण्यास वेळ नसेल, थंडी असेल, तर सीमेवर चीर पाडतो. आघात आणि शैत्य या दोहोंमुळे नमण्यास लागणारा ताण वाढतो. चीर पडण्यास लागणारा ताण मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. ज्या क्षणी पहिला दुसऱ्याच्या वर जातो त्या क्षणी पोलाद मोडते, आणि मोडताना कणाच्या आरपार सपाट फाटत गेल्यामुळे त्याचे तोंड लखलखते. कर्काल्डीच्या गजाचा उलगडा हा असा आहे.

1951 साली केंब्रिजमधील एरिक हॉल याने सौम्य पोलादाच्या नमण्याचा ताण आणि कणाचा व्यास यांचा संबंध दाखवला. 1953 साली लीड्स विद्यापीठातील नॉर्मन पेच याने निरनिराळ्या कणांचे लोखंड व पोलाद उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनच्या शैत्यात तोडून फाटण्याच्या ताणालाही तोच नियम लागू पडतो असे सिद्ध केले. नियम थोडक्यात असा: धातूच्या सामर्थ्याचा एक भाग स्थिर असतो, आणि दुसरा भाग कणाच्या व्यासाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, कण चौथाईवर आणला तर हा दुसरा भाग दुप्पट होतो. पोलाद बळकट करण्याचे इतर जे उपाय आहेत, अधिक कार्बन घालणे, पाण्यात बुडवून कठीण करणे, थंडपणी ठोकणे, ते सर्व बहुधा एका हाताने बळ देतात आणि दुसऱ्या हाताने चिवटपणा काढून घेतात. कण बारीक करणे हा एकच असा मार्ग आहे की त्याने बळही वाढते आणि ठिसूळ होण्याचे शीतमानही खाली जाते. पेचने पुढील वर्षांत हे दुसरे विधानही गणिताने मांडले.

युद्ध चालू असताना जहाजांवर जे उपाय झाले ते तात्पुरते होते: डेकवर रिव्हेटांच्या पट्ट्या मुद्दाम घालण्यात आल्या, म्हणजे भेगेला थांबण्यास कड मिळावी, आणि झाकणांचे कोपरे गोल करण्यात आले. युद्धानंतर पोलादाचेच नियम बदलले. अमेरिकन जहाजवर्गीकरण संस्थेने 1948 च्या सुमारास पत्र्यांच्या जाडीप्रमाणे पोलादाचे वर्ग पाडले. मध्यम जाडीच्या पत्र्यांत मँगनीजचे प्रमाण वाढवले, आणि 1 इंचाहून जाड पत्र्यांसाठी सूक्ष्मकणी पोलाद आवश्यक ठरवले. ते करण्याची रीत अशी की ओतण्यापूर्वी द्रव पोलादात थोडे ॲल्युमिनियम टाकतात. ते पोलादातील नायट्रोजनशी संयोग पावून असंख्य सूक्ष्म कणिका बनवते, आणि पोलाद पुन्हा तापवले असता या कणिका कणसीमांना जागच्या जागी खिळवून ठेवतात, कणांना वाढू देत नाहीत. अतिजाड पत्रा लाटून झाल्यावर पुन्हा भट्टीत नेऊन साधारण 900 अंशांपर्यंत तापवतात आणि मोकळ्या हवेत निववतात. हे चेर्नोव्हच्या दुसऱ्या अवस्थेच्या किंचित वरचे तापमान आहे. 1950 नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पोलादात नायोबियमचा अगदी अल्प अंश घालण्यास सुरुवात झाली, लाटण्याची अखेरची उष्णता मुद्दाम कमी राखण्यात येऊ लागली, आणि पूर्वी केवळ महागड्या तोफांना लाभणारा बारीक कण हळूहळू पुलांच्या तुळयांना, तेलवाहिन्यांच्या नळांना आणि मालवाहू जहाजांच्या साध्या पत्र्यांनाही मिळू लागला.